मादू थांबला ती रात्र

रवि. १ जाने. ६१

नवीन डायरी. अण्णांनी दिली, दरवर्षीसारखी. "घरात मराठी लिहिती राहू दे," हेही दरवर्षीसारखंच.

पहाटे मादूबरोबर बनशंकरीच्या देवळापर्यंत पळून आलो. रागीची शेतं कापून झालीत, वारा अडवायला काही नाही. मादू पळताना बोलतो. मला नाही जमत, धाप लागते. तो निपाणीकडचा, माझ्या मराठीला हसतो. आज म्हणाला, "मन्या, तू मराठी बोलूलायस का कानडीला टोपी घालूलायस?" आमचं घराणं इथं कानडी मुलखात किती पिढ्यांचं आहे हे त्याला सांगून उपयोग नाही. शिव्या तो दोन्ही भाषांत माझ्यापेक्षा चांगल्या देतो.

परतताना देवळापाशी नारळपाणी. वर्ष चांगलं जाणार असं वाटलं, उगीच.

बुध. ४ जाने.

आमच्या फॅक्टरीच्या बोर्डावर नोटीस. शामण्णा सरांनी (आमचे क्रीडा-सेक्रेटरी) रात्रीची दौड ठेवली आहे. शनि. २८ ला सूर्यास्ताला गेटपासून सुटायचं, मागडी रस्त्यानं तावरेकेरेच्या पुढं, मग रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटेनं सावनदुर्गच्या पायथ्याचं देऊळ. जंगल आहे म्हणून जोडीजोडीनं. पण जोडी फक्त सोबतीला, नंबर ज्याचा त्याचा. फॅक्टरीच्या टीममध्ये चौथा माणूस यातून घेणार.

मादूनं नोटीस वाचली. मग परत वाचली. तो अजून टेंपररी. टीममध्ये गेलेल्या माणसाला कायम करतात, हे कुठं लिहिलेलं नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. कायम झाला की क्वार्टर, क्वार्टर मिळालं की पारूला आणता येईल. ती गरोदर आहे, निपाणीला त्याच्या थोरल्या भावाकडे असते. यातलं एक अक्षर तो बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आपण दोघं जोडी."

मी कायम आहे. अण्णा रिटायर झाले, त्यांच्या जागेवर लागलो. मला काय, नुसतं पळणं.

रवि. १५ जाने.

काल संक्रांत. अक्कानं मादूला एळ्ळु-बेल्ल दिलं. "तिळगूळ म्हणा की अक्का!" "तूच म्हण. आमच्यात हेच." मग दोघं हसत बसले. अक्का सासरहून आल्यापासून एवढी हसलेली मी पाहिली नव्हती.

तो गेल्यावर मला म्हणाली, "रात्रभर जंगलात पळणार तू? दिवा विझला की किंचाळणारा?"

"लहान होतो तेव्हा."

"सरी, बरं," म्हणाली.

शनि. २१ जाने.

आज रात्री केंगेरीच्या पुढं सराव ठरला होता. पोट बिघडलं म्हणून निरोप धाडला. पोट ठीक आहे.

शुक्र. २७ जाने.

उद्या. पौर्णिमा मंगळवारी, म्हणजे चांदणं असणार. पण पहाटेआधी चंद्र मावळणार. पंचांगात बघितलं. मादूला सांगितलं नाही की असलं काही मी बघतो.

रवि. २९ जाने.

पोचलो. झोपतो.

सोम. ३० जाने.

अंग ठणकतंय. दौड पुरी केली पण उशिरा, जवळजवळ शेवटी. ओढ्यात पडलो. मादूचा तळवा कापला. मी त्याला आधार देऊन आणलं. शामण्णा सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. अण्णा खूश आहेत.

मंगळ. ३१ जाने.

काल वर लिहिलं ते खोडायला पेन उचललं होतं. राहू दे. पण डायरीत तरी खोटं कशाला. इथं कोण बघतंय.

तावरेकेरेपर्यंत आमच्या पुढं एकच जोडी होती. तिथं पेट्रोमॅक्स लावून चहा ठेवला होता. मादूनं उभ्याउभ्या घेतला. "मन्या, आज पाय माझं ऐकूलालेत," म्हणाला. मलाही बरं वाटत होतं. चांदण्यात दुर्गाचा खडक लांबून एखाद्या झोपलेल्या जनावरासारखा पांढरट दिसायचा, वळणावर जायचा, परत दिसायचा. रस्ता सोडून पायवाटेला लागलो. झाडी. पुढच्या जोडीला गाठलं, मागं टाकलं. म्हणजे आम्ही पहिले. मादू बोलायचा थांबला होता. तो बोलत नाही म्हणजे मनापासून पळतो.

मग चंद्र गेला. हळूहळू जातो असं आपण समजतो. तसं नाही. टेकडीच्या कडेमागं गेला आणि वाट नाहीशी झाली. बॅटरीचा उजेड पावलापुरता. डावीकडे झुडपात काहीतरी जोरात फुरफुरलं. श्वास. मोठ्या अंगाचा श्वास.

मादूनं माझा दंड धरला, बॅटरी तिकडं फिरवली, दोन दगड उचलून एकमेकांवर आपटले आणि एक इरसाल शिवी घातली. झुडपं मोडत काहीतरी खाली पळालं. अस्वल असेल. "गेलं. चल, चल."

मला चालता येईना.

हे मी नीट लिहितो. मला इजा झाली नव्हती, मुरगळलं नव्हतं, धाप नव्हती. पाय नव्हतेच. मी खाली बसलो आणि मादूचा शर्ट धरला. दातावर दात आपटत होते. आणि चड्डी ओली झाली. गरम, मग लगेच गार. मादूला कळलं. कळणारच.

तो म्हणाला, "होतंय रे. ऊठ."

उठलो नाही. रडलो. मागून दुसऱ्यांच्या बॅटऱ्या दिसल्या तेव्हा त्यानं मला काखेत धरून वाटेपासून ओढून एका खडकाआड बसवलं, मला कुणी बघू नये म्हणून. आमची बॅटरी विझवली. एक जोडी बोलत बोलत गेली. मग आणखी एक. मग आणखी. प्रत्येक जोडी गेली की मला त्याचा श्वास ऐकू यायचा. वाट सरळ होती, देऊळ फार लांब नव्हतं. तो एकटा गेला असता तर पहिला आला असता. नियमात बसत होतं.

"तू जा" असं मी म्हणालो नाही. एकदाही नाही. मी म्हणालो, "सोडू नको मला." आणि म्हणालो, "कुणाला सांगणार नाहीस. आईची शपथ घे. पारूलासुद्धा नाही." त्यानं घेतली. अंधारात, माझा हात हातात धरून.

स्वल्प उजाडायला लागलं तसं त्यानं मला खाली ओढ्याकडे नेलं. "पड पाण्यात." मी बसलो. तोही कपड्यांसकट उतरला. दोघंही ओले असलो की कोण कशानं ओलं झालं हे कुणी विचारणार नाही. तिथं शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि खडकाच्या कडेनं तळवा फाटला. कॅन्व्हासचा बूटसुद्धा चिरला. मला लपवायला तो पाण्यात उतरला होता.

पुढं त्याचा हात माझ्या खांद्यावर. देवळापाशी पोचलो तेव्हा सगळे बसून उप्पिट खात होते. शामण्णा सर धावत आले. "एनायतु? काय झालं?" पायाचं रक्त बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तू याच्यासाठी थांबलास? रात्रभर?"

मादूनंही माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हता. नुसतं बघत होता.

मी म्हणालो, "हौदु सर."

होय सर. बस एवढंच. मग टाळ्या.

गुरु. २ फेब्रु.

गेटवर माणसं हात मिळवतात. बोर्डावर शामण्णा सरांनी चार ओळी लावल्यात. मित्राला जंगलात न सोडणारा. खाली माझं पूर्ण नाव. मी त्या बाजूनं न जाता स्टोअरमागून कामावर जातो.

अण्णांनी ओळी उतरवून आणल्या. शेजारी वाचून दाखवल्या. ते अंगणात उभे राहून वाचत होते आणि मी न्हाणीत तोंडावर पाणी मारत होतो. पुन्हा पुन्हा.

सोम. ६ फेब्रु.

मादू कामावर नाही. पाय सुजलाय, ताप. त्याच्या खोलीवर गेलो, अक्कानं डबा दिला होता. पाय उशीवर ठेवून पडला होता. "ये की. वीर पुरुष," म्हणाला. टोमणा होता का, कळलं नाही. त्याच्या बोलण्यात खोच शोधत बसलो. त्यानं भात पूर्ण खाल्ला, चटणीला नाव ठेवलं.

निघताना 'चुकलं माझं' जिभेवर आलं होतं. "बरा हो" म्हणालो आणि जिना उतरलो.

गुरु. ९ फेब्रु.

टीममध्ये चौथा मी.

शामण्णा सर म्हणाले, "पळणारे पुष्कळ मिळतात. असा माणूस मिळत नाही." मादूबद्दल विचारलं. "पाय कच्चा निघाला. वाईट वाटतं. तुझं त्याच्यावर फार प्रेम आहे, माहीत आहे मला."

घरी सांगितलं नाही. तरी अण्णांना संध्याकाळपर्यंत कळलं. अक्कानं केसरीभात केला. मी दोनदा वाढून घेतला.

रवि. १२ फेब्रु.

मादूकडे. पायाची सूज उतरतेय. टीमचं त्याला आधीच कळलं होतं. अभिनंदन केलं. खरंखुरं, हात पुढं करून.

मी म्हणालो, "तू काही बोलत का नाहीस?"

"शपथ कुणी घातली?"

"मी तुला मोकळं करतो."

तो हसला. "मला मोकळं करून काय होतंय? मी सांगितलं तर म्हणतील, पाय मोडलेला माणूस बढाया मारूलाय. माझ्या तोंडचं कोण ऐकतंय? तुला सांगायचं असंल तर तू सांग. नसंल सांगायचं तर नको सांगू. पण इथं येऊन तोंड पाडून बसू नको. मला ते बघवत न्हाई."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझी मुदत मार्चला संपते."

बुध. १५ फेब्रु.

जाणार होतो सांगायला. सर मैसूरला गेलेत.

शुक्र. १७ फेब्रु.

सर आले. गेलो नाही. दुपारपाळी होती असं स्वतःला सांगितलं. दुपारपाळी खरंच होती, पण सकाळ होती की.

रवि. १९ फेब्रु.

हे लिहायला नको वाटतंय.

पारू आली आहे. पायाचं कळल्यावर राहवलं नाही, गावच्या कुणाबरोबर तरी रात्रीच्या गाडीनं आली. मादूनं मला आत बोलावलं. पहिल्यांदाच बघितलं तिला. पोट चांगलंच दिसतं, चेहरा लहान मुलीसारखा. चूल पेटवत होती, हात पुसत उठली.

"हेच काय मनोहर भावजी?"

मादू म्हणाला, "हेच."

ती पुढं आली. "तुम्ही होतासा म्हणून आमचं माणूस माघारी आलं. रात्रभर बसलासा म्हणं यांच्यापाशी, अस्वलाच्या रानात." आणि त्या पोटानिशी वाकली, माझ्या पायाशी. मी मागं सरलो तर भिंत. तिची बोटं माझ्या पायाला लागली. गार होती, पाण्यातली.

फॅक्टरीतल्या कुणीतरी तिला सांगितलं असणार. मादूनं खरं सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, असं मीच म्हणालो होतो.

मादू भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "चहा टाक त्याला. साखर जास्त घालतो."

तिनं जास्त साखरेचा चहा दिला. मी प्यालो.

सोम. २० फेब्रु.

तापासारखं वाटतंय. ताप नाही.

मंगळ. २१ फेब्रु.

सांगितलं. शामण्णा सरांच्या खोलीत, दार लावून. म्हणालो, सर, उलटं झालं. मी घाबरलो, मादू माझ्यासाठी थांबला. तो पुढं होता. त्याला पहिला नंबर मिळायचा.

सर ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत. मग चष्मा काढून पुसला. "मनोहर, त्याची मुदत संपतेय म्हणून सांगतोयस ना हे?"

"नाही सर. खरंच."

"पाय कुणाचा कापला होता?"

"त्याचा. पण नंतर."

"तुला कुठं लागलं होतं?"

"नाही."

"मग तू का थांबलास?"

"घाबरलो."

"सगळेच घाबरतात. मीही घाबरलो असतो. घाबरून कुणी सूर्य उगवेपर्यंत बसत नाही." आणि हसले. प्रेमानं. "मित्रासाठी स्वतःचं नाव खराब करायला निघालास. मी ओळखलं होतं तुला, ते बरोबरच ओळखलं. जा, साकु आता, पुरे."

एक गोष्ट सांगितली असती तर विश्वास बसला असता. तेवढी सांगितली नाही. दार लावलेलं होतं, दोघंच होतो, तरी सांगितली नाही.

जिन्यावर आलो तेव्हा काय वाटलं? सुटलो असं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

शनि. २५ फेब्रु.

तीन दिवस मादूकडे गेलो नाही. आज गेटवर भेटला. काठी नाही, पण उजवा पाय जपून टाकतो. कामावर रुजू झाला. "सरांना सांगितलं होतं मी," म्हणालो. "त्यांना पटलं नाही."

"सगळं सांगितलंस?"

मी खिशात पास शोधायला लागलो.

"मग पटंल कसं," म्हणाला आणि आत गेला.

बुध. १ मार्च

आज सगळं सांगितलं.

ठरवून गेलो नव्हतो. ठरवून गेलो की परत येतो, हे मला कळलंय. भोंगा झाल्यावर क्लबाच्या खोलीपुढून जात होतो. आत टीममधले तिघं कॅरम खेळत होते, सर कपाटाशी होते. आत शिरलो आणि उभा राहिलो. खेळ थांबला.

म्हणालो, "सर, त्या रात्री मी चड्डीत मुतलो."

कानडीत म्हणालो. मराठीत म्हणता आलं नसतं बहुतेक.

मग बाकीचं आलं. खडक, विझवलेली बॅटरी, जोड्या जात होत्या ते, शपथ, ओढा. तिघांपैकी एकाला हसू आलं. तो दाबत होता, त्याचे खांदे हलत होते. दुसरा माझ्याकडे बघेनाच, बोटानं सोंगटी फिरवत बसला. सर कपाटाचं दार धरून उभे. त्यांच्या तोंडावरचं ते प्रेम उतरताना मी बघितलं. ते बघणं सगळ्यात जड गेलं. त्या हसण्यापेक्षाही.

सर म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

त्यांनी कपाटाचं दार लावलं.

"नाव वर गेलंय तुझं. जनरल मॅनेजरना मी स्वतः सांगितलं सगळं, मोठ्या तोंडानं." मग येरझाऱ्या. मग, "रविवारी सकाळी दोघंही ग्राउंडवर या. माझ्यासमोर पळा. जो पुढं येईल त्याचं नाव राहील. मला आता कुणाचीच गोष्ट ऐकायची नाही."

"सर, त्याचा पाय अजून..."

"त्याला जमत नसेल तर त्यानं सांगावं."

गुरु. २ मार्च

स्टुलावर कुणीतरी ओलं फडकं ठेवलं होतं. उचललं, पिळलं, त्यानंच मशीन पुसलं. आजूबाजूला सगळे मान खाली घालून काम करत होते. इतकं मन लावून कधी करत नाहीत.

अण्णांना कळलं. ताक घेतल्यावर म्हणाले, "माझ्या जागेवर लागलास तू." एवढंच. उठले, हात धुतला. ज्या शेजाऱ्यांना वाचून दाखवलं होतं त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

अक्का भांडी आवरत होती. म्हणाली, "मला माहीत होतं रे."

"काय?"

"चड्डी मीच धुतली ना? ओढ्याच्या पाण्याला वास नसतो."

म्हणजे महिनाभर तिला माहीत. केसरीभात करताना माहीत. "मग बोलली का नाहीस?" म्हटलं तर म्हणाली, "तू बोलतोस का बघत होते."

शुक्र. ३ मार्च

मादू स्टोअरमागं भेटला. थांबूनच होता.

"तेही सांगितलंस म्हणं?"

"हो."

"कॅरम खेळणाऱ्यांसमोर?"

"हो."

त्यानं जमिनीकडे बघितलं. "एवढं नको होतं सांगायला," म्हणाला. मला वाटलं माफ केलं. मान वर केली तर तोंड लाल.

"आता रविवारचं ऐक. मला तुझा विचार कळूलाय, तुझ्या कपाळावर दिसूलाय. मुद्दाम मागं राहणार तू. माझा पाय बघून, पारूचं पोट बघून."

"मादू, जागा तुझीच आहे. होतीच."

"मग मला घेऊ दे की! तू कोण देणारा? आधी तू घेतलीस, आता तूच देणार. माझ्या हातात काय? मी नुसता तुझ्या मागनं लंगडत येणारा?" शर्टाची कॉलर धरली माझी, आणि सोडली. "मुद्दाम हरलास तर मला कळंल. तुझा श्वास माझ्या ओळखीचा हाय. तसं झालं तर परत तुझं तोंड बघणार न्हाई. आईची शपथ. ही मी माझ्या मनानं घेतलेली."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर जिंकलास." पाळीचा भोंगा झाला. "पारूला परत धाडीन, मीबी जाईन. गावाकडं तंबाखूच्या वखारीत काम मिळतंय. मरत न्हाई कोण."

जाताना पायाकडे माझं लक्ष गेलं. वळताना अजून खुपतो त्याला. ग्राउंडवर तर वळणंच वळणं.

शनि. ४ मार्च

संध्याकाळी शामण्णा सर सायकलवरून जाताना दिसले. नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, थांबले नाहीत. पूर्वी थांबायचे.

अक्काला विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस. "मी पळत नाही," म्हणाली. मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्याला खोटं कळतं म्हणतोस. मग खोटं करून काय मिळणार तुला? पुन्हा महिनाभर स्टोअरमागून जाशील."

"खरं पळालो तर ती बाई परत जाईल, अक्का."

तिनं ताटलीतले खडे बाजूला केले.

रवि. ५ मार्च, पहाट

झोप लागली नाही. अजून काळोख आहे. आता काळोखाची भीती वाटत नाही, गंमतच. तिला शिरायला जागा नाही.

रात्रभर हिशेब मांडून झाला. जोरात पळालो तर मी पुढं, त्याचा पाय वळणांवर टिकणार नाही. मग टीममध्ये मी, क्वार्टरची मला गरज नाही, आणि ती पोटुशी बाई रात्रीच्या गाडीनं परत. हळू पळालो तर त्याला जागा मिळेल, आणि तो ती माझ्याकडून मिळाली म्हणून आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही. न जाता घरीच बसलो, तर तेही हरण्याचंच एक सोंग. तेही त्याला ओळखू येईल.

आणि एक उरलंय. मादूला नाही सांगितलं, सरांना नाही, अक्काला नाही. मला ती जागा हवी आहे. मादूचा पाय नाही, पारू नाही, काही नाही, मी नुसता पळतोय आणि पुढं आहे असं मला रात्री मध्येच दिसलं, आणि बरं वाटलं. पोटात ऊब आल्यासारखं. लगेच उठून बसलो. त्या खडकाआड लाज वाटली होती, पारू वाकली तेव्हा वाटली होती, पण ती दुसऱ्यांच्या नजरेची होती. ही कुणी बघत नसताना वाटली.

म्हणजे मी खरं पळालो तर ते त्याच्यासाठी खरं असेल की माझ्यासाठी, हे मला पळतानाही कळणार नाही. त्याला कळेल का? माझा श्वास त्याच्या ओळखीचा आहे म्हणतो.

खाली कडी वाजली. मादू. ग्राउंडवर परस्पर भेटेल असं वाटलं होतं, बोलवायला येईल असं नाही. अक्का खिडकीतून विचारतेय, कॉफी घेणार का स्वल्प. पळायच्या आधी नको म्हणतोय. "मन्या उठला का?" विचारतोय. नेहमीच्याच आवाजात. की मुद्दाम तसा लावतोय, कळत नाही.

बूट घालतो.